खाल्ल्या मिठाला जागलेलं मूळ

प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्रामावशी म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ती तिथे काचेची भांडी विसळायला लागली. एका दुपारी कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने गाजराच्या चिरेत एक मूळ धरलं आणि दाढीच्या पात्याने त्याचे इतके पातळ काप काढले, की खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत. तेव्हापासून भांडी दुसऱ्याकडे गेली. पुढे काप काढायचं महागडं यंत्रही आलं, पण ते बिचारं झाकणाखाली झोपा काढतं. घरी मात्र तिच्या काकडीचं कुणाला कौतुक नाही. नवरा म्हणतो, "दाताखाली काही येऊ दे की."

तिचा थोरला भाऊ त्याच संस्थेत माळी. काचघरात लसूणघासाचे ट्रे मांडले होते. जनावरांच्या या चाऱ्याचं कोणतं वाण खाऱ्या जमिनीत तगेल, ते शोधायचं होतं. झाऱ्या दोन. एकीवर 'गो', म्हणजे गोडं पाणी. दुसरीवर 'खा', म्हणजे खारं. आठ आठवडे खारं पाणी पिऊन बाकीच्या ट्रेंनी माना टाकल्या. अकरा नंबर तेवढा हिरवागार राहिला.

प्रयोग मॅडमचा. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दादांनी चुकून 'गो'चं पाणी घातलं असणार. अकरा नंबर टाकून द्या."

दादा भांडला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. तो खाली बघत म्हणाला, "असेलही. हल्ली माझं काही खरं नाही." मागच्याच आठवड्यात त्याचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. आपलं डोकं आता साथ सोडतंय, ही भीती त्याने फक्त बहिणीला सांगितली होती.

"मॅडम, मुळालाच विचारू या," ती म्हणाली. "खारं प्यालेलं मूळ आतल्या नळ्यांभोवतीचं कडं जाड करतं, मीठ आत शिरू नये म्हणून. मी कापते, तुम्ही बघा."

"मावशी, त्या ट्रेला पाणी तुमच्या भावाने घातलंय."

"मग कुठलं मूळ कुठलं, ते मला सांगूच नका."

हे मॅडमना पटलं. तीन बशांत तीन कोवळी मुळं आली: एक गोड्या पाण्याचं, एक पिवळ्या पडलेल्या ट्रेचं, एक अकरा नंबरचं. वर नुसतं अ, ब, क.

मावशीने नवं पातं काढलं. एकेक मूळ गाजराच्या चिरेत धरलं. सर सर सर. पाण्यात काप तरंगू लागले. त्यांतले पातळ तेवढे ब्रशने उचलून तिने लाल रंगात बुडवले, धुतले, काचेवर ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अ: आतलं कडं लालभडक, जाडजूड. ब: तसंच, किंबहुना काकणभर जास्तच. क: फिकट, दोऱ्यासारखं बारीक.

"मॅडम, गोडं पाणी फक्त 'क'ने प्यालंय," ती एका दमात म्हणाली. "'अ' आणि 'ब' खारे."

मॅडम कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या. दुसरा काप बघितला, तिसरा बघितला. मग बशा उलट्या करून तळाचे नंबर वाचले आणि त्यांचा आवाजच बदलला. "'ब' अकरा नंबर आहे. मावशी, हे मीठ पिऊन हिरवं राहिलंय. आपल्याला वाण सापडलंय!"

"खाल्ल्या मिठाला जागलंय," मावशी म्हणाली. तिला हसू आवरेना.

मॅडम ट्रे आणायला स्वतः काचघराकडे पळाल्या. दादा प्रयोगशाळेच्या दारापाशीच उभा होता. कुणी त्याला आत बोलावलं नव्हतं, आणि ऐकलेल्यातलं वाणाचं त्याच्या डोक्यातही शिरलं नसावं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?" त्याने विचारलं.

"नाही रे दादा. रोज खारंच घातलंस तू."

तो स्टुलावर बसला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्या लाल कड्याकडे बघतच राहिला. डोळे भरून आले, तसं त्याला दिसेनासं झालं. ते पुसून तो म्हणाला, "थांब, काढू नकोस. अजून एकदा बघू दे."