पुलापर्यंत धावणारी माझी जाऊ

फोन आला तेव्हा मी साकोलीला भावाकडे होते. "बाई गेल्या," एवढंच आमचे हे बोलले. मी विचारलं, "कुठं गेल्या?" कारण माझी मोठी जाऊ सुमनबाई घरात टिकणारी नव्हेच, बाजारात नाही तर घाटावर, नाही तर कुणाच्या बाळंतिणीकडे. ह्यांनी भंडाऱ्याच्या दवाखान्याचं नाव घेतलं, तेव्हा समजलं... सकाळी अंगणात चक्कर येऊन पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. याला आता दीड महिना झाला. पंचवीस वर्षं एका अंगणात काढली आणि जाताना ही बाई मला सांगून गेली नाही, याचा राग अजून आहे. पण रडका लेख लिहिला तर त्या वरून शिव्या घालतील, म्हणून त्यांची सगळ्यात मोठी जीत सांगते.

पवनीत आमची घरं दोन, अंगण एक. बाईंचे मालक, म्हणजे माझे भासरे, हातमाग चालवतात. त्यांची एकुलती एक लेक रोशनी सैन्यात भरती झाली, तेव्हा गल्लीनं पेढे खाल्ले आणि पाठीमागे नाकंही मुरडली. ट्रेनिंग कुठं तर तिकडे दक्षिणेत, दोन दिवसांच्या प्रवासावर. आमच्याकडे माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. रोशनी बसमध्ये बसली आणि बाईंनी झाडू उचलून दाराआड ठेवला. पण तिकडे पोचताच पोरींचे फोन जमा करून घेतले, हे कुणाला ठाऊक? एक दिवस गेला, चार गेले. घरात धूळ साचली, मागाखाली सुताचे पुंजके लोळायला लागले, पण झाडू काही हलेना. मी म्हटलं, निदान सैपाकघर तरी झाडते. तर माझ्यावरच डाफरल्या. पाहुणे आले की त्यांना सांगायच्या, "पाय जपून टाका, पोट्टी अजून पोचली नाही." नवव्या दिवशी रविवारी फोन वाजला. "आई, पोचली मी," एवढं ऐकलं आणि बाईंनी एका हातात फोन, दुसऱ्या हातात झाडू घेऊन घर झाडायला सुरुवात केली. ठसका लागला तरी बोलणं चालूच.

खरी परीक्षा तिसऱ्या रविवारी आली. रोशनी हुंदके देत होती. "आई, बाबाले पाठव मले घ्याले. माह्याच्यानं होत नाही. साऱ्या पोट्ट्या पुढं जाते, मी मांगं राहतो. मांगं राहिली का पुन्हा धावाले लावते." भासऱ्यांनी तिथल्या तिथं फळीवरची पिशवी काढली. मनानं मऊ माणूस. लेकीनं हाक मारली की दुसरा विचार नाही. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. मलाही त्या क्षणी वाटलं, घेऊनच यावं. बाईंनी मात्र आधी विचारलं, "किती धावा लागते?"

"पाच किलोमीटर."

"मंग आयक. उद्यापासून मी बी धावतो, नदीच्या पुलापर्यंत. ज्या दिवशी मी थकून घरी बसली, त्या दिवशी तुहा बाप तुले घ्याले येईन. तोवर मले रडून दाखवू नोको."

सैन्यातल्या नोकरीची पर्वा त्यांना कमीच होती. हरून परत आलेली पोर जन्मभर स्वतःला मागंच समजेल, ही त्यांची भीती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडी वर खोचून, पायांत रोशनीचे जुने बूट घालून बाई निघाल्या. पन्नाशीची बाई! पहिल्या दिवशी पिठाच्या चक्कीपर्यंत पळाल्या आणि तिथंच ओट्यावर बसल्या. पुढचं सगळं चालत. पण पुलाला हात लावूनच परतल्या. शेजारणी खिदळायच्या, "काहून वं बाई, वाघ लागला का मांगं?" बाई न थांबता म्हणायच्या, "वाघ नाही, पोट्टी लागली!" दर रविवारी फोनवर मायलेकींचा हिशोब चाले. कोण कुठं दमलं, कोणाच्या पायाला फोड आले... रोशनीचं रडणं कमी होत गेलं, पण ती अधूनमधून विचारायचीच, "आई, थकली का तू?" त्या प्रश्नात आशा असायची, हे आम्हाला कळत होतं.

आणि महिनाभर ट्रेनिंग उरलं असताना बाईंना ताप भरला. उठून बसवेना. मी पेज घेऊन गेले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वायदा मोडला ना वं माहा. आता पोट्टीसंग खोटं बोलू का?" भासरे मागावर बसून ऐकत होते. लेकीला परत आणायचं त्यांचं मन होतंच, आणि आता तर बायकोच्या तोंडचा शब्द हाताशी होता. त्यांनी हातातला सुताचा धोटा खाली ठेवला, मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढले आणि बाहेर पडले. मला वाटलं, झालं, गेले तिकीट काढायला.

तासाभरानं परतले ते दाराची चौकट धरून. बंडी घामानं अंगाला चिकटलेली, एका पायात चप्पल नाही. उभा जन्म खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, धापा टाकत म्हणाला, "गेलो होतो. पुलापर्यंत. नाही मोडला तुहा वायदा."

तीन दिवस ते धावले. रविवारी बाईंनी खरं तेच सांगितलं, "या हप्त्यात तुहा बाप धावला." मग रोशनी इतकी हसली की तिकडच्या कुणीतरी तिला दटावलं. त्यानंतर तिनं घ्यायला या असं कधी म्हटलं नाही.

शपथेच्या परेडला बाईंनी मलाही ओढून नेलं. पोरी रांगेनं आल्या तेव्हा त्यांनी माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. "पाहा, पाहा! कोणाच्या मांगं नाही चालून राहिली!" नंतर एका साहेबांनी कौतुकानं विचारलं, "माताजी, क्या खिलाया बेटी को?" बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "भात!" साहेब हसले. माझ्या जावेइतकी ऐटबाज बाई त्या मैदानावर दुसरी नव्हती.

बाईंची तेरवी झाली आणि नातेवाइकांनी सुरू केलं, आता बापाजवळ कोण, पोरीनं नोकरी सोडावी. रोशनी परत जायला बसस्टँडवर आली, पण बसमध्ये चढेना. "बाबा, तुम्ही म्हणाल तं राहतो," ती म्हणाली. कंडक्टरनं घंटी मारली. आम्ही सगळे भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. एका शब्दाचा अवकाश होता, आणि ती राहिली असती.

"चढ," ते म्हणाले. "जागा जाईन."

बस वळणाआड गेली. बाकीचे घराकडे निघाले, भासरे तिथंच उभे. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नसतं. पंचवीस वर्षांत मी एक शब्द बोलले नव्हते. ते रस्त्याकडे पाहत स्वतःशीच म्हणाले, "सुमन असती, तं म्हणली असती बराबर केलं का नाही ते."

मी पदर सावरला आणि त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "बराबर केलं तुम्ही."