गुलाबभाऊंचं सहा सिलिंडरचं इंजिन

गुलाबभाऊ मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. परतवाड्याच्या त्यांच्या गॅरेजात कोणी जुन्या गाडीला दमदार इंजिन बसवून घ्यायला आला, की ते त्याच्याच गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसत आणि म्हणत, "चाल, अमरावती रोडनं एक चक्कर मारून आण." मग डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत राहत. गिऱ्हाईकाला वाटे, म्हातारा जप करतोय. जप कसला, ते हॉर्न मोजत. कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या डुलत डुलत चालतात. त्यांच्या मागे ज्याला पाच मिनिटं गप राहवत नाही, त्याच्या हाती ताकद द्यायची नाही, असा त्यांचा कायदा होता.

आणि ताकद त्यांच्याकडे होती. गॅरेजच्या कोपऱ्यात एका फाटक्या गोधडीखाली सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन झाकलेलं असे, दोनशे हॉर्सपॉवरचं. चिखलदऱ्याच्या घाटात आपटलेल्या कोणा परदेशी गाडीचं ते काळीज. भंगारात निघालं तेव्हा भाऊंनी उचललं आणि अकरा वर्षं सांभाळलं. जाम होऊ नये म्हणून दर अमावास्येला प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं आणि पाना लावून हातानं फिरवायचं. विकायचं मात्र नाव नाही. "हे एकदा रोडवर बराबर वाजलेलं आयकाचं हाय मले. मंग मी पोरीकडं पुण्याले जातो. गुडघे गेले बाप्पा," असं ते सांगत. 'बराबर' म्हणजे नेमकं कसं, हे त्यांनाच ठाऊक.

त्या इंजिनावर डोळा ठेवून येणारे कमी नव्हते. अकोल्याचा एक ठेकेदार आला, जाऊन-येऊन सत्तावीस हॉर्न. "तुले इंजन नाही लागत, बँड लागते," म्हणून परत पाठवला. एका भावी नगरसेवकाला मिरवणुकीत गाडीचा आवाज दणक्यात यायला हवा होता. त्याला म्हणाले, "मंग डीजे बसव ना, पेट्रोल वाचते."

मी झेंडू-शेवंती पिकवणारा माणूस. फुलं पिकअपमध्ये जातात, त्यामुळे मला काँटेसासारख्या जुन्या मोटारीची गरज काय, हा माझ्या बायकोचा, सुनंदाचा प्रश्न अगदी रास्त होता. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मी ती लांब नाकाची पांढरी गाडी घेतली तेव्हा तिचं इंजिन वयानं पार थकलेलं होतं. सुनंदा म्हणाली, "बरं झालं, कोंबड्याईची सोय झाली."

भाऊंनी माझ्यापुढे जीपचं डिझेल इंजिन ठेवलं. स्वस्त, मजबूत, ॲव्हरेज उत्तम. मी गोधडीकडे बोट दाखवलं.

"ते काहून पाहिजे?"

"शौक आहे, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आतापावतर सगळ्याईनं कारणं सांगतली. तू खरं बोलला. बस गाडीत."

त्या चकरेत मी एकदाच हॉर्न वाजवला, बकरी आडवी आली म्हणून. "बकरी गिनतीत नाही," भाऊ म्हणाले, आणि गोधडी निघाली.

मग आम्ही दोघांनी मिळून जो गाढवपणा केला तो सांगायलाच हवा. इंजिन गाडीत मावेल का, हे भाऊंनी फोनवर विचारलं. टेप होती, पण सापडेल तर शपथ. म्हणाले, "इंजन साडेचार वीत भरलं. तुयी जागा मोज." मी जुनं इंजिन उतरवून मोजली, पावणेपाच वीत. आनंदी आनंद. गाडी ओढत परतवाड्याला नेली, इंजिन साखळीनं टांगलं, खाली सोडलं, आणि ते काही केल्या आत बसेना. भाऊंनी माझा पंजा उचलून आपल्या पंजावर ठेवला. माझी वीत त्यांच्या वितीइतकी नव्हतीच, चांगली दोन बोटं कमी. "फुलं तोडणाऱ्याचा हात," ते म्हणाले, जणू चूक माझ्या बापजाद्यांची होती. शेवटी रेडिएटर पुढे सरकवावा लागला. त्यानंतर मोठे ब्रेक, मग दणकट गिअरबॉक्स, मग आरटीओचे कागद. चार महिने गेले. सुनंदानं कोंबड्यांसाठी वेगळं खुराडं बांधून घेतलं.

पहिली चक्कर चिखलदऱ्याच्या घाटात. भाऊ मागे, डोळे मिटलेले. गाडी अशी चढली की मला शिट्टी मारावीशी वाटली. वर पोचल्यावर मी मोठ्या आशेनं मागे वळलो.

"टॅपेट बोलून राह्यलं," भाऊ म्हणाले. "बराबर नाही वाजत अजून."

आठवडाभर ते टॅपेटच्या त्या टकटकीशी झटले. पण मुलगी, शुभांगीताई, न्यायला आली आणि 'बराबर' राहून गेलं. भाऊ पुण्याला चौथ्या मजल्यावर जाऊन बसले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. नमस्कार नाही, तब्येत नाही. "ठेव बॉनेटवर." मी गाडी सुरू करून फोन बॉनेटवर ठेवायचा. मिनिटभरानं निकाल लागायचा. "फॅनबेल्ट ढिला हाय." "तिसऱ्याचा प्लग बदल." मी काही विचारायला जावं तर फोन बंद. माझं म्हणणं ते समोरासमोरही ऐकत नसत, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. सांगितलं ते मी मुकाट्यानं करत राहिलो, आणि गाडी खरोखर सुधारत गेली.

मग एका शनिवारी शुभांगीताईनं स्वतः फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "दादा, बाबाले दिवाळीपासून काहीच आयकू येत नाही. कानाची मशीन देली डॉक्टरनं, ते लावत नाहीत. मी पाटीवर लिहून बोलते. पण रविवारचा फोन बंद करू देत नाहीत."

दिवाळीला सहा महिने होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "ठेव बॉनेटवर." मी ठेवला, आणि किल्ली फिरवायला हातच उठेना. कोणासाठी फिरवायची, असं झालं. गाडी बंद. अंगणात सुनंदाच्या खराट्याचा आवाज तेवढा येत होता. मिनिटभरानं भाऊ बोलले, नेहमीपेक्षा सावकाश.

"आता बराबर वाजून राह्यलं. लय दिवस लावले रे तू."

आणि फोन ठेवला.

मला रडू फुटलं, लपवत नाही. सुनंदा खराटा टाकून आली. "काय म्हणतात भाऊ?"

"पास केलं," मी म्हटलं. मग गाडीत बसून इंजिन सुरू केलं आणि बराच वेळ तसंच चालू ठेवलं.