बाराशे उल्लेख आणि एकच बाटली

घड्याळजीच्या दुकानात गिऱ्हाईक टेकलं की पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या कानावर एक गोष्ट पडायचीच. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढा स्क्रू उचलत घड्याळजी म्हणायचा, "माझ्या थोरल्या बहिणीचं नाव बाराशे ठिकाणी छापून आलंय. बाराशे! तुमचं-माझं नाव कुठे येतं? विजेच्या बिलावर."

"गातात-बितात का?"

"छे हो. पेशी पाळते."

गल्लीत तिला सगळे पेशीताईच म्हणत. वय अठ्ठावन्न, अंगाने किडकिडीत, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. भाऊ-भावजयीच्या घरात वरची खोली तिची. सकाळी साडेसातला डबा घेऊन संशोधन संस्थेत जायची, आणि रविवारीही जायची, कारण पेशींना रविवार कळत नाही. भावजय देवभोळी. रोज देवापुढे हात जोडताना घरच्या सगळ्यांबरोबर ती नणंदेच्या पेशींसाठीही काही मागायची.

"वन्सं, तुम्ही त्यांना रविवारी खायला घालायला जाता, मग मी दोन शब्द बोलले तर काय बिघडलं?"

"काही नाही. फक्त बेताने वाढा म्हणावं, कपाटात जागा नाही."

ताईचं काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या शरीरातल्या पेशी चपट्या बाटलीत वाढवायच्या. गुलाबी सरबतासारखं दिसणारं खाद्य घालायचं, त्याला ते लोक मीडियम म्हणतात. अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बघत बसायचं. ती चौतीस वर्षं बघत बसली. तेवढ्यात एकोणीस लेख लिहून झाले. त्यातल्या अठरांकडे जगाने ढुंकून पाहिलं नाही. एक मात्र गाजला, बावीस वर्षांपूर्वीचा, तिच्या सरांबरोबर लिहिलेला. यकृताची पेशी आपल्या आतला मोडकातोडका केर कसा गोळा करते आणि कुठल्या प्रथिनाचा इशारा मिळाला की तो जाळते, हे त्यात होतं. दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाने आपल्या लेखात त्याचा आधार घेतला की तो एक उल्लेख. हे उल्लेख कॉम्प्युटर मोजत बसतो आणि नवा आला की मेल पाठवतो. संस्थेच्या वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर तिचा फोटो आणि आकडा असे. संस्थेची मान्यता टिकायची तर असे आकडे दाखवावे लागतात. देवाने एवढं एक यश पदरात टाकलं, ह्यात ताई समाधानी होती.

मग एका सोमवारी एका अनोळखी मुलीची मेल आली. ती कुठल्या तरी लांबच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. "बाई, तुमचा लेख मला पाठ आहे. त्यातला तिसरा प्रयोग मी नऊ वेळा केला. तुम्हाला दिसलं तसं काहीच दिसत नाही. माझ्या हातात काहीतरी चुकतंय. सांगाल का काय ते?"

ताईने मायेने लांबलचक उत्तर लिहिलं. मीडियम ताजं घे, पेशींची गर्दी होऊ देऊ नकोस, पहिले दोन दिवस बाटली हलवूसुद्धा नकोस. शेवटी लिहिलं, "धीर सोडू नकोस. हात बसायला वेळ लागतो."

चार महिन्यांनी, मार्चमध्ये, मुलीची दुसरी मेल. "सतरा वेळा झालं. आमचे सर म्हणतात, बाराशे जणांना जमतं आणि तुलाच कसं जमत नाही? बाई, माझे हात बसत नाहीयेत. जूनअखेरपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर जागा सोड म्हणालेत."

बाराशे जणांना जमतं, हे वाक्य वाचून ताई थबकली. बाराशे जणांनी उल्लेख केला होता. पण प्रयोग करून किती जणांनी पाहिला होता?

तिने गोठवलेल्या साठ्यातून बावीस वर्षांपूर्वीची एक कुपी काढली आणि त्याच जुन्या पेशी पुन्हा वाढायला ठेवल्या. यकृताच्या पेशी मुळात सुस्त. उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेल्या पाहुण्यांसारख्या पसरून राहतात, हलायचं नाव नाही. ह्यांनी चौथ्या दिवशी बाटली भरून टाकली. तेव्हाही अशाच भराभर वाढल्या होत्या, आणि तेव्हा सर नि ती, दोघं खूश झाली होती. ह्या वेळी तिला तो वेग खटकला. बावीस वर्षांपूर्वी संस्थेत पेशींची ओळख तपासायची सोय नव्हती. आता डीएनएवरून कळतं. तिने नमुना पाठवला. नऊ दिवसांनी अहवाल आला. नमुना यकृताचा नाही, कुण्या बाईच्या गर्भाशयातल्या गाठीचा आहे. तसल्या पेशी जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असतात आणि गाजरगवतासारख्या फोफावतात. सरांकडेही दुसऱ्या कामासाठी होत्याच, त्याच कपाटात, खालच्या फळीवर.

तिने माळ्यावरून प्रयोगाची जुनी वही काढली. एका पानावर तिच्याच अक्षरात होतं: "मीडियम संपत आलं. नवं पुढच्या आठवड्यात. सर म्हणाले, तोवर एकच बाटली दोन्हींना वापर."

मीडियमच्या एकाच बाटलीत दोन्हीकडची पिपेट, थेंब उचलायची नळी, बुडली होती. एक थेंब इकडचा तिकडे गेला असेल.

स्वयंपाकघरात भावजय दुधाला विरजण लावत होती. ताईने तिथेच पाटावर बसून तिला सगळं सांगितलं. "असं समज, तू आपलं विरजण लावलंस, पण चमचा आधी शेजारणीच्या भांड्यात बुडवलेला. तिचं विरजण जोरकस. चार दिवसांत सगळं दही तिचं होणार. आणि तू गावभर सांगतेस, बघा आमच्या घरचं दही!"

"पण वन्सं, चार दिवस नव्हे, बावीस वर्षं?"

"बावीस वर्षं."

भावजयीने भांडं झाकलं. "म्हणजे आडातच नव्हतं, ती पोर पोहऱ्यात शोधत बसलीय. आत्ता लिहा तिला. आत्ताच्या आत्ता."

"उद्या संचालकांच्या कानावर घालते, मग लिहिते. पद्धत असते."

संचालकांनी दार लावून घेतलं. "बाई, सहा आठवड्यांनी मान्यता समिती येतेय. अहवालाच्या पहिल्या पानावर तुम्ही आहात. समिती गेल्याशिवाय बाहेर एक शब्द जायला नको."

"निदान त्या एका मुलीला तरी..."

"एकीला सांगितलं की जगाला सांगितलं. इथे शंभर माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरच्यांना काय सांगू?"

ताई जन्मभर वरच्यांचं ऐकत आलेली. सर म्हणाले तेव्हा तिने एकच बाटली वापरली. संचालक म्हणाले तेव्हा ती गप्प बसली. मुलीला जूनपर्यंत मुदत आहे, मेअखेरीला लिहिलं तरी चालेल, अशी तिने मनाची समजूत घातली. भावजय रोज डबा हातात देताना विचारायची, "लिहिलंत?" आणि ताई म्हणायची, "समिती जाऊ दे गं." चौथ्या आठवड्यानंतर भावजयीने विचारणं सोडलं. ती नुसती डबा देऊन देवापुढे जाऊन बसायची.

लेख मागे घ्यायचा तर दोघांच्याही सह्या लागणार होत्या. पाचव्या आठवड्यात ताई पत्र घेऊन सरांकडे गेली. सर एक्याऐंशी वर्षांचे. झटक्याने उजवी बाजू गेलेली, बोलणंही जवळजवळ गेलेलं. पलंगासमोरच्या भिंतीवर त्या लेखाचं पहिलं पान काचेत लावलेलं होतं.

"रोज सकाळी मान तिकडे करून द्यायला लावतात," काकू म्हणाल्या. "बरं झालं आलीस. ह्यांना सांग, किती उल्लेख झाले आता?"

"आधी चहा घेऊ या काकू," ताई म्हणाली. काकू चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात तिने पलंगाच्या कडेला टेकून हळूहळू सगळं सांगितलं. सर ऐकत होते. त्यांचा डावा डोळा भरून आला आणि ओठ हलले. दोनदा नुसताच वारा आला. मग शब्द आले. "एकच... बाटली."

"तुमच्याकडे काही दोष नाही सर. पिपेट माझ्या हातात होती."

काकू कप घेऊन आल्या. "काय म्हणाले गं? मला तर काही कळत नाही यांचं." ताईने पत्र सरांपुढे धरलं. सरांनी डाव्या हाताने पेन मागितलं आणि कागदावर सही केली, मुंगी शाईत बुडून चालावी तशी. मग मान भिंतीकडून वळवून घेतली, स्वतःच्या बळावर.

त्या संध्याकाळी ताई समितीसाठी थांबली नाही. घरी येऊन, चप्पलही न काढता, तिने मुलीला लिहिलं. "तुझे हात बरोबर आहेत. पहिल्या दिवसापासून बरोबर होते. चूक माझी आहे." खाली सगळी हकिगत लिहिली, वहीच्या पानाचा फोटो जोडला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बाई, मी तीन आठवड्यांपूर्वीच जागा सोडली. जूनची वाट बघण्यात अर्थ वाटत नव्हता. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता परत जा. पण तिथे दुसरा मुलगा घेतलाय. तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. बाई, तुम्हाला हे कधी कळलं?"

शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर ताईने दिलं. त्यानंतर मुलीची मेल आली नाही.

समिती येऊन गेली आणि मान्यता मिळाली. संचालकांनी पेढ्याचा बॉक्स तिच्या टेबलावर ठेवला, तो तिने झाडणाऱ्या मावशींना देऊन टाकला. पत्र मिळाल्यावर लेख छापणाऱ्या नियतकालिकाने कळवलं की दुसऱ्या लेखकाची सही जुन्या सहीशी जुळत नाही, डॉक्टरांचा दाखला जोडावा. दाखला गेला. मग आणखी एक फॉर्म आला. तेरा महिन्यांनी वेबसाइटवर लेखाच्या वर दोन ओळी आल्या की हा लेख मागे घेण्यात आला आहे. बैल गेला अन् झोपा केला. त्या दोन ओळी वाचायला त्या पानावर जावं लागतं, आणि उल्लेख करणारे तिथे जात नाहीत. ते दुसऱ्याच्या यादीतून आपल्या यादीत उतरवून घेतात. आकडा बाराशे शहाऐंशी झाला.

एका रविवारी पेशींना खायला घालून ती भावाच्या दुकानात टेकली. संस्थेत आता तिच्या हाताखाली प्रत्येक पेशीची बाटली वेगळी, पिपेट वेगळी, आणि बाटलीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी. घड्याळजी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "बाराशे नव्हे, आता तेराशेला टेकले!"

"कशाला सांगतोस रे?" गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली. "तुला सगळं माहीत आहे ना?"

"सवय गं." त्याने भिंग काढलं, डोळा चोळला. "पण तो आकडा मागे नाही का आणता येत? माझ्याकडे आलेलं कसलंही घड्याळ मी मागे आणतो."

"नाही येत. तो पुढेच जातो."

तिच्या फोनवर मेल वाजली. नवा उल्लेख. तिने लेखकाचा पत्ता शोधला आणि तिथेच स्टुलावर बसून पत्र लिहायला घेतलं. असं पत्र ती प्रत्येकाला लिहायची. आजवर एकाहत्तर गेली होती, उत्तरं सहा. एकाने लिहिलं होतं, लेख छापून झाला, आता काढता येत नाही, बाकी आपलं काम उत्तम आहे. एकीने नुसतं रडक्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं होतं.

घड्याळजीने वाकून पाहिलं. "सगळ्यांना तेच लिहितेस? प्रयोग न करणाऱ्यालाही?"

"कोण करतंय नि कोण नाही, मला काय ठाऊक."

पहिली ओळ तिने नेहमीचीच लिहिली. माझा लेख वाचून तुम्ही प्रयोग केला असेल आणि तो जमला नसेल, तर तुमचे हात बरोबर आहेत.