परातीतला फोन

रविवारी दुपारी परातीतला फोन खणखणला तेव्हा मी ओले हात ओढणीला पुसतच धावले. अनोळखी नंबर. वाटलं, सुटला एकदाचा अनुसयाबाईंचा पोरगा... पण पलीकडे त्यांचे दीर होते. वर ताम्हिणी घाटात रेंज नाही म्हणून बिचारे पौडपर्यंत खाली आले होते. "वैनी गेल्या," एवढंच म्हणाले.

त्याला आता महिना होईल. परात अनुसयाबाईंचीच, त्यांच्या घाटातल्या ढाब्यावरची, पितळी. त्यांचा मुलगा संदीप आणि माझे यजमान एकाच मालवाहू जहाजावर. तो स्वयंपाकी, हे इंजिनावर. दुसऱ्यांच्या लढाईत परक्या मुलखाने जहाज अडवलं आणि सगळ्यांना डांबून ठेवलं. पुण्याच्या आसपासची आम्ही चार घरं भूगावला माझ्या फ्लॅटवर जमू लागलो. तेही रविवारी, कारण फोन करू दिला तर त्याच दिवशी. पहिल्याच खेपेला त्या एसटीने परात घेऊन आल्या आणि सगळ्यांचे फोन तीत ठेवायला लावले. पितळेत आवाज घुमतो म्हणे. नियमही त्यांचाच: ज्याचा फोन वाजेल त्याने उचलायचा नाही, शेजारच्याने उचलायचा. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वंगाळ असलं तर पयलं दुसऱ्याच्या कानावर पडू दे. मंग त्यो आपल्याला हळू सांगतुया."

संदीपचा फोन दोनदाच आला. दोन्ही वेळा मी उचलला आणि दोन्ही वेळा त्याने आधी मलाच विचारलं, "आई जेवली का?" मग मी फोन त्यांच्या कानाला लावायचे, तर ह्याही तेच विचारणार, जेवतुयास का म्हणून. दिवसभर दुसऱ्यांना रांधून घालणारी माणसं ही! पुढे काहीजणांना सोडलं, त्यात हे आले. संदीप राहिला. अनुसयाबाई ह्यांच्यासाठी शिरा घेऊन आल्या आणि मला त्यांच्याकडे पाहवेना. बाकीची घरं हळूहळू यायची थांबली. मग आम्ही दोघीच बसायचो, परातीत एकच फोन. छळ होता तो, दुसरं काय. शेवटच्या रविवारी त्यांना धाप लागत होती. निघताना त्यांनी परातीतून आपला फोन घेतलाच नाही. "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "वर रेंज न्हाई. वाजला तर तूच घे."

परात अजून हॉलमध्येच आहे. रोज फोन चार्ज करते, आवाज मोठा आहे ना बघते, परत तीत ठेवते. आता वाईट बातमी मलाच सांगायची आहे आणि तिकडे त्या पोराच्या शेजारी, हळू सांगायला, कुणी नाही. फोन यावा म्हणून देवाला हात जोडते आणि जोडता जोडताच म्हणते, आज नको... मी हॅलो म्हटल्यावर तो आधी तेच विचारील, आई जेवली का.