बिडीविना घेतलेली टेस्ट

“मॅडम, फरक आला ना? मग मी रिपोर्ट देतो,” डॉ. निखिल फोनवर म्हणाला. मी “दे” म्हटलं. चूक तिथेच झाली.

निखिल कल्याणजवळच्या एका कारखान्याचा डॉक्टर. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालेली, डोंबिवलीत राहणारी. त्याने क्रेन ऑपरेटर्सचे दोन गट केले होते, बिडी-सिगरेट ओढणारे आणि न ओढणारे. टेस्ट साधी होती. दिवा पेटला की बटण दाबायचं. ओढणाऱ्यांना सरासरी जास्त वेळ लागला. हा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो का, हे तपासायच्या रीतीला टी-टेस्ट म्हणतात. ती मी घरी बसून केली. योगायोग वाटत नव्हता.

आठवड्याने निखिलचाच फोन आला. मॅनेजरने ओढणाऱ्या सगळ्यांना क्रेनवरून उतरवून गोडाऊनला टाकलं होतं. मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले.

गोडाऊनमध्ये भोईर भेटले. उमेदीची सगळी वर्षं क्रेनवर गेलेला माणूस, खोकी मोजत होता.

“टेस्ट कधी झाली तुमची?” मी विचारलं.

“दुपारला. सकालपासून बसवून ठेवलं मॅडम. बिडी गेटवर काढून घेतली. एरवी दोन तासांनी शेडमागं जाऊन येतो. त्या दिवशी दिव्याकडं ध्यानच नव्हतं.”

न ओढणाऱ्यांची टेस्ट सकाळीच उरकली होती. म्हणजे आम्ही बिडीचा परिणाम मोजलाच नव्हता. बिडी न मिळाल्याचा मोजला होता, वर ताटकळण्याचा.

मी मॅनेजरसमोर सरळ सांगितलं, “गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. मी आधी विचारायला हवं होतं. टेस्ट परत घ्या.”

“ठीक आहे, स्मोकर्सना परत बोलावतो.”

“नाही, दोन्ही गटांना. दुसऱ्या वेळी सगळ्यांचाच हात बसलेला असतो.”

या वेळी दोन्ही गटांतली माणसं आलटून पालटून बोलावली, नेहमीच्या ब्रेकनंतर. फरक इतका किरकोळ उरला की तो योगायोगानेही पडला असता. निखिलने स्वतः नवा रिपोर्ट लिहिला. सोमवारी ऑपरेटर्स क्रेनवर परतले.

भोईर खुशीत म्हणाले, “म्हंजे बिडी चालतंय, मॅडम?”

“बिलकूल नाही. तुमच्या छातीचं या टेस्टला काय कळतंय? ते निखिल बघेल.”

निखिलने तिथल्या तिथे त्यांना तपासणीची तारीख दिली. भोईरांचं तोंड उतरलं, पण गेले.

घरी येऊन मी पोटभर जेवले. आता कुणी आकडे पाठवले की मी आधी विचारते, माणसं किती वेळ बसवून ठेवली होती? लोकांना वाटतं, बाईंचं वय झालं.