सीट हलवायची नाही

माझं काम किल्ल्या द्यायचं. शोरूमच्या मागे गाड्यांचं वर्कशॉप आहे, तिथल्या काउंटरवर मी बसते. गिऱ्हाईक गाडी दुरुस्तीला टाकतं, आणि काम लांबणार असलं की आम्ही त्याला तेवढ्या दिवसांपुरती आमची एखादी गाडी वापरायला देतो. आम्ही तिला बदली गाडी म्हणतो. बदली गाडी परत करताना लोक जे बोलतात ते ऐकून माझे कान किटलेत. कुणाला एसी कमी वाटतो, कुणाला रंग आवडत नाही. एक बाई म्हणाल्या, या गाडीतून माहेरी जायची मला लाज वाटली. फुकटच्या गाडीला इतकी नावं ठेवणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. मी "हो ना" म्हणते, किल्ली घेते आणि खिळ्याला अडकवते.

मास्तर बोलायला लागले की मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवायचे.

मास्तर म्हणजे शिंपी. बसस्टॉपमागच्या गल्लीत त्यांचं दुकान: एक मशीन, कापड कापायचं एक लांब टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. पुरुषांचे शर्ट-पँट आणि कोट शिवायचे. अंगानं बुटके, किडकिडीत, खिशात कायम खडू. कुणीही समोर आलं की आधी त्याच्या खांद्यांकडे बघायची सवय. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "तुमचा डावा खांदा उतरलाय. त्याच बाजूला पर्स अडकवता ना?" मला राग आला. खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

त्या दिवशी गाडी दुरुस्तीला टाकताना त्यांनी किल्ली लगेच दिली नाही. मुठीत धरून ठेवली आणि म्हणाले, "एक सांगायचंय. सीट हलवायची नाही."

"कुठली सीट?"

"चालवणाऱ्याची. मागेपुढे काही करायचं नाही. आहे तशी राहू द्यायची."

मी बाहेर जाऊन गाडी बघितली आणि कपाळावर हात मारला. सीट इतकी मागे की मास्तरांचे पाय पॅडलपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून पाठीला दोन जाड उशा, बसायला एक. सीट सरकवायच्या दांडीला लाल कापडाची पट्टी गाठ मारून बांधलेली. हा माणूस सीटच्या कडेला टेकून, पाय ताणत गाडी चालवत आला होता.

"मास्तर, अहो पुढे घ्या की. ही दांडी उचलली की सरकते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या मुलीनं ठेवलीय ती तशी."

मुलगी गेली होती. एकुलती एक. आईबाप दोघंही बुटके आणि ही कुणावर गेली कोण जाणे, पण ताडमाड वाढली. घरात तिला शिडी म्हणत. माळ्यावरचं काही काढायचं असलं की आई म्हणायची, शिडीला हाक मारा. नोकरी लागल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली. एका संध्याकाळी कामावरून आली, गाडी दारात लावली आणि पोट दुखतंय म्हणून आडवी झाली. तिला अँब्युलन्समधून नेलं ते नेलंच. गाडी दारात उभी राहिली.

"तिचं सगळं आवरलं आम्ही," मास्तर म्हणाले. "कपडे मी शिवलेले, मीच देऊन टाकले. ती उतरली तेव्हाची ही सीट. हे एवढंच तिच्या हातचं राहिलंय."

कापडाचा भाव सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी काउंटरवर परत येऊन उगाच कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

आमच्याकडे एक मेकॅनिक होता, त्याला सगळे उंट म्हणायचे. सहा फुटांच्या वर उंच आणि मान पुढे काढून चालायचा. ती सीट न हलवता ती गाडी चालवू शकेल असा वर्कशॉपमध्ये तो एकटाच. त्यामुळे मास्तरांची गाडी उंटाकडे, हे ठरूनच गेलं. उंट रजेवर असला तर चौघं मिळून गाडी ढकलत आत न्यायचे आणि मला शिव्या घालायचे. मी म्हणायचे, घाला, पण सीटला हात लावायचा नाही.

मास्तर दुकानात चालतच जायचे. पण गाडी नुसती उभी राहिली की मरते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून दर रविवारी बायकोला शेजारी बसवून एक फेरी मारून आणायचे. तरुणपणी कापड दुकानाचा टेम्पो चालवलेला, तेव्हा हात बसलेला होता. गाडी जुनी होत गेली तशी तिची दुखणी वाढली, आणि बदली गाडीची वेळ वारंवार यायला लागली.

पहिल्यांदा मी त्यांना एक लहान गाडी दिली. ते दार उघडून नुसते उभे. मग विचारलं, "हिची सीट हलवू?"

"हलवा की! आमचीच आहे."

परत करायला आले तेव्हा किल्ली ठेवून म्हणाले, "चांगली आहे. अंगाला बरोबर बसते." मग इकडेतिकडे बघून, चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाले, "पाठ दुखली नाही."

इतकी वर्षं दुखत होती, हे मला तेव्हा कळलं.

पुढे दर वेळी मी त्यांना वेगळी गाडी द्यायला लागले, निव्वळ ते काय म्हणतात ते ऐकायला. मोठ्या गाडीबद्दल म्हणाले, "भाड्यानं आणलेला कोट हा. रस्त्यात लोक वाट देतात, ती कोटाला देतात." क्लच नसलेल्या गाडीत त्यांच्या डाव्या पायाला काहीच काम उरलं नाही, तर म्हणाले, "बिचारा रिटायर झाल्यासारखा पडून होता." एक गाडी पट्टा लावेपर्यंत किंचाळायची. "बायकोला म्हटलं, आता तुला बोलायचे कष्ट नकोत." दुसरी एक, किल्ली खिशात असली की जवळ जाताच आपोआप उघडायची. तिच्यावर मात्र त्यांचा राग. "कोण आलंय हे बघतसुद्धा नाही हो. आमच्या गाडीची किल्ली दोनदा हलवावी लागते, मग ती ओळखते."

मी हसायचे. ते पण हसायचे. मग उंट त्यांची गाडी पुढे आणून लावायचा, मास्तर उशा रचायला लागायचे आणि त्यांचं हसू मावळायचं. आत बसताना एक हात कमरेवर, एक दारावर. ते बघताना मला उंटावर, मास्तरांवर, त्या पोरीवर, सगळ्यांवरच राग यायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका रविवारी मास्तरांनी गाडी एका भिंतीवर घातली. वेग नव्हता म्हणून बंपरवर निभावलं. शेजारी त्यांची बायको, म्हणजे काकू होत्या, त्यांचा गुडघा सुजला.

"पाय वेळेवर पोचला नाही," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी आधीच बजावलेलं होतं. मणका झिजलाय, पाय बधिर होतो, सीट पुढे घ्या नाहीतर गाडी सोडा.

मी त्यांना फैलावर घेतलं. "काकूंना काही झालं असतं म्हणजे? आता पुरे झालं मास्तर!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढे घेतली तर ती जाईल हो. आत्ता मी गाडीत बसतो तेव्हा तिच्या जागी बसतो. एकदा माझ्या मापाची केली की ती नुसती गाडी."

मी खिळ्यावरची बदली गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

त्या वेळी त्यांना दिलेल्या बदली गाडीत सीटला बटणं होती. एक नंबर दाबला की सीट एका माणसाच्या मापाला जायची, दोन नंबरला दुसऱ्याच्या. दोन दिवसांनी मास्तर ती गाडी घेऊन आले आणि मला बाहेर बोलावलं. स्वतः आत बसलेले. "हे बघा," म्हणाले आणि एक नंबर दाबला. सीट त्यांना घेऊन हळूहळू मागे गेली. त्यांचे पाय पॅडलवरून सुटले आणि लहान मुलासारखे लोंबायला लागले.

"एक नंबर कोण आहे?"

"असेल कुणीतरी गिऱ्हाईक. आधी घेऊन गेलेला."

"उंच आहे," मास्तर म्हणाले. परत आपल्या मापाला आणली, परत एक नंबर दाबला. तीनचार वेळा तेच. "गाडी लक्षात ठेवते. केवढी सोय! आमच्या गाडीत बसवता येईल का हे? म्हणजे मी चालवेन माझ्या मापाला, आणि उतरताना तिचं बटण दाबून ठेवेन."

मला नाही म्हणणं जिवावर आलं. माझं तोंड बघून त्यांनीच मान हलवली. "आणि बसवलं तरी काय. आधी तिला एकदा बसून बटण दाबावं लागेल ना."

बंपर झाला, पण क्लचही गेलेला निघाला आणि पार्ट येईना. तेवढ्यात उंटाचे वडील आजारी पडले आणि तो गावी गेला. त्याच्या जागी दुसऱ्या शाखेतून एक मेकॅनिक आला. कामसू माणूस, मला आजही त्याला वाईट म्हणवत नाही. पार्ट आला त्या दिवशी मला सुटी होती. त्यानं क्लच बसवला, गाडी चालवून बघितली, आतून पुसून लख्ख केली आणि दुसऱ्या दिवशी मी आल्यावर मोठ्या उत्साहानं सांगायला आला. "मॅडम, दांडीला कसलं तरी चिरगूट अडकलं होतं, ते कापून टाकलं. सीट बहुतेक त्यामुळेच जाम होती. आता एकदम मोकळी सरकते."

मी काउंटर सोडला. गाडीकडे धावत गेले. सीट पुढे, उशा डिकीत नीट रचून ठेवलेल्या.

मी मास्तरांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, "काकू, मास्तरांना कसं सांगू?" मग म्हणाल्या, "तुम्ही काही सांगू नका. मी येते त्यांच्याबरोबर."

काकू वर्कशॉपमध्ये पहिल्यांदाच आल्या. गुडघ्याला पट्टा, हातात मास्तरांचा दंड. वाटेत काही सांगितलं नसावं, कारण मास्तर नेहमीसारखे माझ्याकडे बघून हसले, आणि मग त्यांना गाडी दिसली.

ते ओरडले नाहीत. दार उघडून आत बसले. पाठ टेकली. पाय सरळ पॅडलवर पोचले. मग खाली वाकून त्यांनी दांडी उचलली आणि सीट मागे सरकवली. खट. थांबले, पाय लांब करून बघितले. अजून एक खट. परत पुढे. ज्या माणसानं माझ्या खांद्याचा उतार लांबून ओळखला होता, त्याला ती जागा सापडेना.

"इथं होती का?" त्यांनी मला विचारलं. मग काकूंना. "अगं, इथं, की अजून एक घर मागे? तू शेजारी बसायचीस ना, तुला काही आठवतं का?"

काकू दाराला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "नका शोधू. तिनं ठेवलेली नव्हतीच ती."

"म्हणजे?"

"ती गेल्यावर तुम्ही दुकान उघडलंत. मी घरात एकटी. दुपारी खाली यायचे आणि तिच्या जागी बसायचे. स्टेअरिंगपर्यंत हात पोचेना, म्हणून सीट पुढे ओढली. तिचा हात जिथं असायचा तिथं हात ठेवायचा होता मला. तुम्ही यायच्या आत परत मागे ढकलली, अंदाजानं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग एका रविवारी तुम्ही उशा घेऊन आलात आणि म्हणालात, हे तिच्या हातचं आहे. कुठल्या तोंडानं सांगू?"

मास्तरांचा हात दांडीवरून सुटला. "म्हणजे नंतर पण? अजून पण?"

"रोज. तुम्ही बांधलेली पट्टी सोडायची आणि परत तशीच बांधायची."

"मधूनमधून पाय जास्त ताणायला लागायचा," मास्तर हळूच म्हणाले. "मला वाटायचं, वय झालं."

काकू रडायला लागल्या. "त्या दिवशी भिंतीवर गेली ना, आदल्या दुपारी मीच जरा जास्त मागे ढकलली असणार. तेव्हापासून झोप नाही मला."

मागे दोन गिऱ्हाइकं गाड्या घेऊन खोळंबली होती, एकानं हॉर्न वाजवला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं काच वर केली.

मला वाटलं मास्तर आता चिडतील. इतकी वर्षं मणका झिजवला तो कशासाठी? पण त्यांनी वेगळंच विचारलं. "मला का नाही कधी बोलावलंस?"

"जागा एकाचीच होती ना," काकू म्हणाल्या.

मास्तर गाडीतून उतरले. काकूंना दंडाला धरून त्यांनी आत बसवलं, मुलीच्या जागी. मग गिऱ्हाइकाच्या पँटची उंची बघायला बसतात तसे दाराशी, तेल सांडलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि दांडी उचलली. सीट एकेक घर पुढे आणत होते आणि दर वेळी मान वर करून काकूंच्या हातांकडे बघत होते.

"पोचतात?"

काकूंनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. "पोचतात."

मग मास्तर उठले आणि पलीकडच्या बाजूनं काकूंच्या शेजारी जाऊन बसले. गाडी सुरू करायची कुणालाच घाई नव्हती. काउंटरवरचा फोन वाजत होता, तो मी वाजू दिला.