न बदललेला दोरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आईला सांगायला दोनदा तोंड उघडलं — आणि भाजी छान झालीय म्हणून मोकळा झालो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी वाशीम जिल्ह्यातल्या रिठदचा. बेंगळुरूत एका छोट्या कंपनीत उपग्रह बनवतो. उपग्रह म्हटलं की लोकांना केवढं तरी धूड वाटतं. आमचा पहिला घरातल्या फ्रीजपेक्षाही लहान होता. जिथे केबल पोचत नाही तिथे इंटरनेट पोचवायचं, एवढंच त्याचं काम.

तिथे जोडणी विभागात सुधाताई होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, मानोऱ्याच्या. माझं गाव कळलं आणि त्या सगळ्यांदेखत ओरडल्या, "अरे, तू तं आपल्या वाशीमचा!" तेव्हापासून त्यांच्या डब्यात माझी एक भाकर जास्त असायची. परक्या शहरात आपली बोली कानावर पडली की काय होतं — कसं सांगू? घरची आठवण आली की मी उगाच त्यांच्या टेबलाकडे चक्कर मारायचो.

बरं, मुद्द्यावर येतो. टाळतोय, कळतंय मला.

उपग्रहाचा अँटेना घडी करून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधतात. वर गेल्यावर एक तार तापते, दोरा वितळतो, अँटेना उघडतो. पाठवण्याआधी उपग्रह यंत्रावर जोरजोरात हलवून बघतात. त्यात दोरा ताणून सैल पडतो, म्हणून तो काढून नवा बांधायचा, असा नियम. एकाने बांधायचा, दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून सही करायची. बांधणारा मी. पाहणाऱ्या सुधाताई.

मी दोरा बदललाच नाही. बोट लावलं, ताठ वाटला. पुन्हा झाकण उघडा, घडी घाला — कंटाळा केला. दुसरं काही कारण नाही. नोंदीत 'बदलला' लिहून कागद त्यांच्यापुढे धरला. त्या पाहायला उठत होत्या. "झालं ताई, मघाशीच," मी म्हणालो.

"मंग मले काय पाहाचं हाय? आपल्याकडचा माणूस खोटं बोलन काय?" असं म्हणून त्यांनी सही केली. दुसऱ्या कुणाचा कागद असता, तर भिंग घेऊन पाहिलं असतं.

उपग्रह वर गेला. आम्ही पेढे वाटले. अँटेना उघडला नाही. सैल पडलेला दोरा तारेवरून सरकला असणार. तार तापत राहिली आणि दोरा तसाच.

चौकशीत मला विचारलं, दोरा बदलला होता का? मी हो म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण मी पुढे म्हणालो, "ताईंनी पाहिलं की." मग त्यांना विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. "मी न पाहता सही केली," म्हणाल्या. "पण त्याने बदलला असेल, तो खोटं बोलणारा नाही."

खोट्या सहीबद्दल त्यांना काढलं. मी राहिलो. त्या दिवशी जाताना त्या माझ्या वाटणीची भाकर माझ्या टेबलावर ठेवून गेल्या, आणि मी ती खाल्लीही. त्यानंतर किती दुपारी मी त्या रिकाम्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो असेन! कुणी आपल्या बोलीत "काहून रे?" विचारावं, एवढंच वाटायचं.

आमचा दुसरा उपग्रह नीट चालला. मागच्या महिन्यात सुधाताईंचा व्हिडिओ कॉल आला, मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेतून. केस पांढरे झालेत. "पाह्य, तुहं नेट आमच्या तांड्यावर चालून राह्यलं!" मागे पोरं हात हलवत होती. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तवाचं मनाले लावून घेऊ नको बरं. माहीच चूक होती थे."

चित्र स्वच्छ होतं. आवाज एकदाही तुटला नाही. आम्ही दहा मिनिटं बोललो. मी त्यांना विचारलं, यंदा सोयाबीन कसं आहे?